दिल्लीहून आलेली गाडी

खानापूर, आटपाडी, कडेगाव या आमच्या पट्ट्यातली माणसे गलाईच्या धंद्यासाठी देशभर गेलेली आहेत. जुने सोने-चांदी वितळवायचे, त्यातली भेसळ काढायची आणि शुद्ध धातू सराफाला परत द्यायचा, असा हा धंदा. दिल्ली, कोलकाता, कोइमतूर, अमृतसर, कुठल्याही शहरातल्या सराफ बाजाराच्या मागच्या बोळात जावे, विट्याकडचा कुणीतरी भट्टीपुढे बसलेला भेटतो. पाऊस नाही, शेती पिकत नाही, म्हणून ही माणसे बाहेर पडली. टेंभू योजनेचे पाणी फार नंतर आले. तोवर त्यांच्या पिढ्या परमुलखात स्थिरावल्या होत्या. गावाकडे येतात ती यात्रेला, लग्नाला, आणि कडेगावची असतील तर मोहरमला. येताना त्या त्या मुलखाची गाडी घेऊन येतात. त्यामुळे कराड-विटा रस्त्यावर डीएल, डब्ल्यूबी, टीएन, पीबी अशा पाट्या दिसल्या तर आमच्याकडे कुणी मान वळवून बघत नाही.

अलीकडे मात्र डीएल पाटीच्या डिझेल गाड्या जरा जास्तच दिसू लागल्या आहेत. त्याही साध्या नाहीत. तिकडच्या डॉक्टरांनी, बिल्डरांनी, कारखानदारांनी हौसेने घेतलेल्या, एकेकाळी तीस-चाळीस लाखांच्या. याला कारण आहे. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१५ मध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना दिल्ली आणि राजधानी परिसरात बंदी केली. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये ती कायम ठेवली. तेव्हापासून गाडी कितीही ठणठणीत असो, तिचे दहावे वर्ष जवळ आले की दिल्लीत तिची किंमत कोसळते. तीच गाडी ना-हरकत दाखला घेऊन महाराष्ट्रात आणली तर नोंदणीची पंधरा वर्षे पुरी होईपर्यंत बिनघोर चालते, पुढे तपासणी करून मुदत वाढवताही येते. एका गावी मरणाला टेकलेली, दुसऱ्या गावी ऐन वयातली! हवा दिल्लीची खराब आणि स्वस्ताई सांगली जिल्ह्याला, असा हा प्रकार. दिल्लीला नको झालेला धूर आमच्याकडे येऊन अत्तर होत नाही, हे आम्हालाही कळते. पण तोडणीनंतर उसाचे पाचट पेटवण्याच्या दिवसांत आमच्याकडचे आभाळ ज्याने पाहिले आहे, त्याच्यापुढे हा मुद्दा फार ताणता येत नाही.

अशीच एक गाडी २०२५ च्या जूनअखेरीला आमच्या अंगणात येऊन उभी राहिली.

आम्ही तिघे भाऊ. थोरल्याचे गाद्या-रजयांचे दुकान, अब्बांपासून चालत आलेले. मधल्याचे विटा रस्त्याला ट्रॅक्टर-जीपचे गॅरेज. धाकटा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. चुली तीन, अंगण एक आणि अम्मा एक. मोठा खर्च असला तर तिघांनी एका सतरंजीवर बसून ठरवायचा, हा अब्बांचा दंडक. त्यांच्या मागेही तो आम्ही मोडलेला नाही. म्हणून लिहिणारा हात धाकट्याचा असला तरी ही हकिकत आम्हा तिघांची आहे.

गाडीची गरज अम्मामुळे उभी राहिली. तिचे मूत्रपिंड निकामी झाल्याला दोन वर्षे झाली. दर सोमवारी आणि गुरुवारी तिला डायलिसिससाठी कराडला न्यावे लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसते. रस्ता बसत नाही. भाड्याची गाडी जाऊन-येऊन, थांबण्याच्या पैशासकट, चौदाशे रुपये घेते. आठवड्याचे दोन हजार आठशे, वर्षाचे एक लाख पंचेचाळीस हजार सहाशे. आमच्याकडे दुकानाच्या मालासाठी छोटा हत्ती आहे, पण सत्तर वर्षांच्या बाईला, हातात सुया टोचून घेऊन चार तास यंत्राला जोडून राहिल्यावर, छोट्या हत्तीच्या पुढच्या फळकुटावर बसवून सुर्ली घाट चढवायचा, हे आम्हाला जमले नाही. एकदा केले. त्या रात्री ती कण्हत होती आणि आम्ही तिघेही आपापल्या घरात जागे होतो.

अब्बांच्या नावचा एक रिकामा प्लॉट विकून नऊ लाख रुपये आले होते. ते गाडीला घालायचे, एवढे ठरले होते. कुठली गाडी, हे ठरायचे होते.

शेठ आमच्या अब्बांच्या मित्राचा मुलगा. त्याचा बाप आणि आमचे अब्बा एका शाळेत, एका वर्गात. तो वीस वर्षांपूर्वी दिल्लीला गेला, करोलबागेकडे त्याची भट्टी आहे. आम्ही त्याला शेठ म्हणतो ते थट्टेने सुरू झाले आणि पुढे खरेच ठरले. मोहरमसाठी तो आला ती मर्सिडीज घेऊन. ई-क्लास, डिझेल, पांढरी, सप्टेंबर २०१५ ची दिल्लीत नोंदलेली. म्हणजे दोन-अडीच महिन्यांत दहा वर्षे भरणार. त्यात १ जुलैपासून दिल्लीच्या पंपांवर अशा मुदत संपलेल्या गाड्यांना तेलच द्यायचे नाही, असा हुकूम निघाला होता. शेठ म्हणाला, "भाई, तिकडं भंगारवाला दारात उभा राहतोय. तुमच्या घरात राहिली तर माझ्या जिवाला बरं वाटंल. साडेआठ मागत होतो, तुम्ही सात द्या."

सात लाखांत मर्सिडीज! ज्या गाडीची किंमत नवी असताना चाळीस लाखांच्या वर होती. थोरल्याच्या डोळ्यांत काय चमकले, ते आम्ही दोघांनी पाहिले.

या गाड्या डिझेलच्या का निघाल्या, हाही एक नमुना आहे. आपल्याकडे ऑक्टोबर २०१४ पर्यंत डिझेलचा भाव सरकार बांधून देत असे. नाव शेतकऱ्याचे आणि एसटीचे. २०१२ च्या सुमारास दिल्लीत पेट्रोल आणि डिझेलच्या लिटरमागे तीस रुपयांचा फरक पडला होता. मग ज्याच्याकडे चाळीस लाख रुपये आहेत तोही डिझेलचीच गाडी मागू लागला. पंपाच्या बिलात आमचा ट्रॅक्टर आणि त्याची मर्सिडीज एका पंगतीला. खुद्द या कंपनीने १९३६ साली डिझेलची मोटार बाजारात आणली तेव्हा तिला खरे गिऱ्हाईक भेटले ते टॅक्सीवाले. दमदार आणि कमी खाणारी म्हणून. आणि ज्या महिन्यात शेठची गाडी नोंदली गेली, त्याच सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत फोक्सवॅगनची डिझेल धुराची लबाडी उघडी पडली, आणि डिझेल मोटारीचे दिवस फिरले. आपल्याकडे एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आले, आणि मारुतीने तर डिझेल मोटारी बनवणेच सोडले.

शेठची गाडी जन्माने आपल्या चाकणची. मर्सिडीजची जुळणी पुण्यात १९९५ साली टेल्कोच्या आवारात सुरू झाली, २००९ पासून चाकणला. चाकणहून दिल्ली, दिल्लीहून कडेगाव. मधला म्हणाला, "माहेरी आली बिचारी."

शेठनेच सांगितले, "बोलायचं नंतर. गुरुवारी चाचींना हिच्यातून कराडला नेऊन आणा."

तो गुरुवार आम्ही विसरणार नाही. जाताना अम्मा अवघडून बसली होती. चामड्याच्या सीटवर आपली लुगड्याची घडी घसरते, म्हणून एका हाताने दार धरून. सुर्ली घाट लागायच्या आत तिने दार सोडले. येताना ती मागच्या सीटवर झोपली. कराड सोडले आणि झोपली, ती कडेगावच्या कमानीशी जागी झाली. दोन वर्षांत डायलिसिसवरून येताना ती झोपलेली आम्ही पाहिली नव्हती. खड्डा आला की तिच्या कमरेतून चमक निघते, ती चेहऱ्यावर दिसते. त्या दिवशी चेहरा सैल होता. उतरल्यावर आपल्या दखनीत म्हणाली, "इस गाडीमें हाडां बोलते नै."

इथून पुढे हिशोब अवघड झाला. तोवर ऐषआराम म्हणजे मिरवण्याची गोष्ट, असा आम्हा दोघा धाकट्यांचा समज होता. आजारी हाडांना तो औषधासारखा लागू पडतो, हे त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले. थोरला तर म्हणालाच, "आता बोला."

बोललो. तीन रात्री बोललो. बाहेर गल्लीत मोहरमचे ताशे वाजत होते आणि आत आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलेलो.

मधल्याने शुक्रवारी गाडी गॅरेजवर नेली आणि दिवसभर तिच्याखाली पडून राहिला. त्याचे हात ट्रॅक्टरचे, पण इंजिन ते इंजिन. त्याने सांगितले ते असे. इंजिन एकवीसशे त्रेचाळीस सीसीचे, चार सिलेंडर, दणकट. त्यात खोट नाही. पण त्याची टायमिंग चेन मागच्या अंगाला, गिअरबॉक्सकडे आहे. ती बदलायची वेळ आली तर इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हात पोचत नाही. गिअरबॉक्स ऑटोमॅटिक, सात गिअरचा. त्याचे तेल ठरावीक, गाळणी ठरावीक. बिघाड कुठे आहे हे सांगायला त्याच कंपनीचे भाषा कळणारे स्कॅनर हवे. ते विट्यात नाही. अधिकृत केंद्र गाठायचे तर कोल्हापूर किंवा पुणे. टायर चारही संपत आलेले, बॅटरी थकलेली, पुढची एक रबरी बुशिंग गेलेली. हे सगळे वयाचे, दोष कुणाचा नाही. दहा वर्षांच्या म्हशीचे दात कुणी का मोजावेत?

मग तो जे बोलला ते आमच्या घरात अजून म्हणतात. "बडेभाई, गाडी स्वस्त झालीय. तिचे पार्ट स्वस्त झालेले नाहीत."

हाच सगळ्याचा गाभा होता. दिल्लीच्या कायद्याने गाडीची किंमत पाडली. तिच्या इंजेक्टरची, हेडलाइटची, सस्पेन्शनची किंमत पाडायला कुठला लवाद बसलेला नाही. सात लाखांना घेतली तरी ती दर वेळी चाळीस लाखांची म्हणूनच बिल मागणार.

धाकट्याने आरटीओच्या एजंटाला गाठले. परराज्यातली गाडी आपल्याकडे आणायची तर तिकडचा ना-हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८; नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०; आणि मुख्य म्हणजे इथला टॅक्स. आपण दिलेल्या सात लाखांवर तो बसत नाही. मूळ किमतीवर बसतो, वयाप्रमाणे सूट वजा करून. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या खासगी डिझेल गाडीला दर पंधरा टक्के. एजंटाने कागदावर आकडा मांडला तो अडीच ते तीन लाखांच्या दरम्यान. दिल्लीत भरलेला टॅक्स परत मागायचा तर तिकडे खेटे घालायचे. म्हणजे सात आणि तीन दहा. टायर, बॅटरी, बुशिंग, विमा धरून अकरा. आमच्याजवळ नऊ.

उरलेले दोन कुठून आणायचे? इथे व्याजाचा प्रश्न आला. थोरला व्याजाच्या पैशाला हात लावत नाही. अब्बाही म्हणत, व्याजाच्या पैशात बरकत नसते. धाकट्याने आठवण करून दिली, की अब्बांनी सोसायटीचे पीककर्ज दर वर्षी काढले, आणि मधल्याच्या गॅरेजचा कॉम्प्रेसर बँकेच्या हप्त्यावर आलेला आहे. थोरला चिडला नाही. म्हणाला, "ते पोटासाठी होतं. हे पोटासाठी आहे का, ते आधी सांग." या प्रश्नाला सरळ उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हते. अम्माच्या झोपेसाठी होते. ते पोटासाठी धरायचे की नाही?

आणि सगळेच अम्मासाठी होते असेही नाही. थोरल्याची मुलगी बी. फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. रिश्ते येऊ लागले आहेत. मिरजेहून, इचलकरंजीहून, एक तर पुण्याहून. बघायला येणारे लोक चहा पिताना अंगणातल्या छोट्या हत्तीकडे कसे बघतात, हे थोरल्याने पाहिले होते. मुलीची मार्कलिस्ट कुणी मागत नाही, अंगण बघतात. आपल्या समाजात हुंड्याविरुद्ध भाषणे आम्ही चाळीस वर्षे ऐकतो आहोत. त्याच सभांना येणारे लोक गाडीच्या बॉनेटवरचा तारा बघून आवाज मऊ करतात. थोरल्याला तो मऊ आवाज एकदा ऐकायचा होता. यात त्याचे काय चुकले?

धाकट्याने दुसरे टोक धरले. तो म्हणाला, "शेठने मर्सिडीज आणली, गाव म्हणालं, पोरानं कष्टानं कमावलं. आपण आणली तर गाव काय म्हणेल? कुठून आलं?"

खोली गप्प झाली. मोठ्याने न बोललेली गोष्ट मोठ्याने बोलली गेली की असेच होते. हे गाव आमचे आहे. इथे मोहरमच्या ताबुतांना हिंदूंचे मानकरी आहेत, ही परंपरा गावातल्या देशपांड्यांनी घातली असे सांगतात, आणि ताबूत उचलायला जात विचारत नाहीत. तरीही गेल्या काही वर्षांत आमच्या अंगणात नवी वस्तू आली की एखादी नजर जरा जास्त वेळ थांबते. वाईट बोलत नाही कुणी. थांबते, एवढेच. नाक्यावर पोलिसाने दिल्ली पाटीची गाडी अडवली आणि लायसन्सवरचे नाव वाचले, तर तोही शेठच्या वेळेपेक्षा जास्त वेळ वाचेल, असे धाकट्याला वाटत होते.

थोरल्याने बराच वेळ घेतला. मग म्हणाला, "म्हणून काय जन्मभर छोटा हत्तीच चालवायचा? कागद खरे, पैसा खरा. कुणाच्या नजरेला घाबरून मी अम्माला हाडं मोडत नेऊ?"

आम्ही तिघेही या एका मुद्द्यावर अजून एकमत झालेलो नाही. धाकटा म्हणतो, नजर ही खर्चाच्या यादीत धरावीच लागते, टायरसारखी. थोरला म्हणतो, एकदा धरली की ती यादी संपत नाही, उद्या घराला रंग द्यायलाही भ्याल. दोघांचेही खरे असावे. एवढे मात्र सांगितले पाहिजे, की गाडीचा निर्णय आम्ही या मुद्द्यावर होऊ दिला नाही. थोरल्याची तशी अटच होती. घ्यायची नसेल तर घेऊ नका, पण भिऊन नाही.

शनिवारी आणखी एक गोष्ट झाली. मीटरवर एकाहत्तर हजार किलोमीटर होते. मधल्याने ब्रेकच्या पायटीचे रबर, ड्रायव्हरच्या सीटची कड, स्टिअरिंगचे चामडे पाहिले होते आणि त्याला आकडा जुळेना. त्याने शेठला विनंती केली, की तुमच्या नावाने कंपनीकडून सर्व्हिसचा जुना रेकॉर्ड मागवा. शेठने फोन लावला. २०२१ सालच्या नोंदीत चौऱ्याण्णव हजार. शेठने गाडी २०२२ मध्ये एका दलालाकडून घेतली तेव्हा मीटरवर अठ्ठेचाळीस हजार होते.

म्हणजे फसला होता तो शेठ, आणि त्याला हे आमच्या अंगणात, आमच्या चहाच्या कपासमोर कळले. तो सोने गाळणारा माणूस. भेसळ ओळखण्यावर त्याचे पोट. कान लाल झाले त्याचे. मधल्याला वाटले, उगाच विचारले. शेठने कप खाली ठेवला आणि म्हणाला, "भाई, एक लाख कमी करा. सहा द्या. आता तर तुम्हालाच द्यायची."

इमानदारीने भाव उतरला आणि नाही म्हणणे जास्त जड झाले. सातला नाही म्हणणे व्यवहार होता. सहाला नाही म्हणणे म्हणजे त्याच्या पडलेल्या तोंडावर दार लावणे.

दुसऱ्या दिवशी, ६ जुलैला, ताबुतांच्या भेटी होत्या. कडेगावचे ताबूत ज्यांनी पाहिलेले नाहीत त्यांना थोडे सांगायला हवे. बांबू आणि सुताचे हे ताबूत इमारतीएवढे उंच, आणि बांधायची रीत उलटी: आधी कळस, मग त्याखालचा मजला, असे करत पाया शेवटी. दर मजला वाढला की माणसे अख्खा डोलारा वर उचलतात. भेटींच्या दिवशी शेकडो लोक ते खांद्यावर घेऊन चालतात. वरचा कळस हलतो, खालची माणसे घामाने निथळतात, आणि चौकात दोन ताबूत समोरासमोर आले की गर्दीतून जो आवाज उठतो, तो ऐकायला दिल्लीची माणसे रजा काढून येतात.

त्या गर्दीत उभे असतानाच थोरला म्हणाला, "आपल्या गावात कळस आधी बांधतात. गाडी घेऊ, खर्चाचं मागून बघू."

मधल्याने ताबुताखालच्या माणसांकडे बोट केले. "बडेभाई, त्याला खांदे किती आहेत बघा. आपली गाडी सुर्ली घाटात सोमवारी सकाळी बंद पडली तर आपण तिघंच."

सोमवार आणि गुरुवार. हे दोन वार चुकले तर काय होते, हे डायलिसिसच्या घरांना सांगावे लागत नाही. पाणी साठते, दम लागतो, तोंड सुजते. भाड्याची गाडी बंद पडली तर दुसरी बोलावता येते. पण सहा लाख घातलेली गाडी पार्टसाठी कोल्हापुरात तीन आठवडे उभी राहिली, तर पुन्हा चौदाशे रुपये आणि पुन्हा दारात भाड्याची जीप. थोरला काही बोलला नाही. भेटी संपेपर्यंत आम्ही तिघे तसेच उभे होतो. परतताना वाटेत तोच म्हणाला, "शेठला मी सांगतो. तुम्ही कुणी येऊ नका."

काय बोलला ते त्याने आम्हाला सांगितले नाही. शेठ रात्री जेवायला आला, मटण आणि चोंगे खाल्ले, अम्माच्या पायाशी बसला. गाडीचा विषय निघाला नाही. जाताना म्हणाला, "चाचींना लागंल तेव्हा कराडला न्यायला चावी घरी ठेवून जातो." गाडी त्याने गावातल्या आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये झाकून ठेवली, आणि तो रेल्वेने दिल्लीला गेला. चावी खरोखरच ठेवली. आम्ही तिला हात लावला नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आम्ही इनोव्हा घेतली. २०१४ ची, डिझेल, एमएच ११, साताऱ्याच्या एका कुटुंबाची, पावणेसात लाखांना. तिचा आवाज आत येतो, मागचे स्प्रिंग कडक आहेत, डॅशबोर्ड खडखडतो. पण तिचा कुठलाही पार्ट विट्यात संध्याकाळपर्यंत मिळतो, आणि कराड ते जत रस्त्यावर ज्याला ती उघडता येत नाही असा मेकॅनिक नाही. मधल्याने मधल्या सीटचा फोम काढला आणि थोरल्याने दुकानातल्या कापसाची, हाताने पिंजून, जाड गादी भरून दिली. पाठीला वेगळी, कमरेला वेगळी. अब्बा रजईला घालत तसे टाके घातले आहेत. ती गादी बघून कराडच्या दवाखान्यातल्या दोन बायकांनी तशाच मागितल्या, त्यांचे पैसे थोरल्याने घेतले नाहीत. मुलीला बघायला पुण्याचे लोक सप्टेंबरात येऊन गेले. इनोव्हाकडे त्यांनी पाहिले की नाही, यावर आमच्या घरातल्या बायकांत मतभेद आहेत.

इकडे १२ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांच्या मालकांवर तूर्त सक्तीची कारवाई करू नये, असा आदेश दिला. त्याच संध्याकाळी शेठचा फोन आला. गणपतीला तो आला, शेडवरचा पत्रा सरकवला, गाडी धुतली आणि दिल्लीला घेऊन गेला. तिकडे आता तिला कुणीतरी नऊ देतोय म्हणे. थोरल्याने हे ऐकले आणि "चांगलं झालं शेठचं" एवढेच म्हणाला. मग दिवसभर दुकानात कुणाशी धड बोलला नाही.

अम्मा इनोव्हात झोपत नाही. पण कण्हतही नाही, बोलत असते. परवाच्या गुरुवारी सुर्ली घाट उतरताना तिने विचारले, "वो दिल्लीवाली गाडी गयी क्या?"

"गेली, अम्मा. दिल्लीलाच गेली."

ती थोडा वेळ खिडकीतून बघत राहिली. मग रस्त्याकडेला शेंगा विकणारी बाई दिसली तशी म्हणाली, थांबव. तिला शेंगा डॉक्टरांनी बंद केलेल्या आहेत. तरी एक किलो घ्यायला लावल्या, पोरांसाठी म्हणून, आणि घरी येईपर्यंत पिशवी मांडीवर धरून बसली.